वहीतला रिकामा रकाना

बारावीचे वर्ष सुरू झाले की जून-जुलैच्या पावसात छत्री निथळत पालक माझ्या दारात उभे राहतात. आत आल्यावर पिशवीतून प्लॅस्टिकची फाईल काढतात, टीपॉयवर ठेवतात आणि मुलीची पत्रिका दाखवायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्याने समोर बसतात. फाईलमध्ये नववीपासूनच्या गुणपत्रिका, अमेरिकन विद्यापीठांसाठी द्यायच्या सॅट परीक्षेचा निकाल, ऑलिम्पियाडची प्रमाणपत्रे, तबल्याच्या किंवा भरतनाट्यमच्या परीक्षांचे दाखले, एखाद्या शिबिरातला फोटो असे सगळे क्रमाने लावलेले असते. मी पाने उलटत असते तोवर कुणी बोलत नाही. शेवटचे पान संपले की वडील किंचित पुढे सरकतात आणि विचारतात, "मॅडम, स्पष्ट सांगा, चान्स किती टक्के?"

पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बावीस वर्षे गणित शिकवले. बारावीनंतर पदवीसाठी थेट अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्या मुलांना शिफारसपत्रे लिहिता लिहिता आणि त्यांचे निबंध वाचता वाचता, गेली चौदा वर्षे हे मार्गदर्शनाचे काम माझ्याकडे आपसूक येत गेले. त्याचे मी पैसे घेत नाही. पण माझ्या एका वाक्यावर एखाद्या घराचे वर्षभराचे बेत ठरतात हे मला ठाऊक आहे, त्यामुळे मी ते जपून करते. निदान तसे मी समजत होते.

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधी चूक ठरवलेले नाही. आपण ज्या व्यवस्थेत वाढलो तिथे तो रास्तच असतो. अकरावीची कट-ऑफ यादी, सीईटीनंतरच्या कॅप फेऱ्या, जेईई ॲडव्हान्स्डचा क्रमांक या सगळ्यांत प्रवर्ग एकदा ठरला की गुण आणि जागा यांच्यामध्ये तिसरे काही उरत नाही. आयआयटी मुंबईच्या कॉम्प्युटर सायन्सची खुल्या प्रवर्गातली दारे गेली काही वर्षे साठ-सत्तरच्या आसपासच्या क्रमांकाला बंद होतात, म्हणून शंभरावा क्रमांक आलेल्या मुलाला मी निःशंकपणे सांगू शकते की मुंबईला तुझे होणार नाही, दिल्लीला मात्र बहुधा होईल. त्या पद्धतीतही क्रौर्य आहेच. परीक्षेच्या दिवशी ताप भरलेल्या मुलाला ती काही विचारत नाही. पण ती उघड आहे, आणि तिचा अंदाज बांधणे हे अंकगणित आहे. ज्या पालकाने हेच अंकगणित स्वतःच्या आयुष्यात केले, त्याने अमेरिकेतल्या हार्वर्डची किंवा एमआयटीची कट-ऑफ विचारली तर त्यात नवल नाही.

तिथे कट-ऑफ नसते, एवढे वाक्य पुरत नाही. ते ऐकून पालक मान डोलावतात आणि दुसऱ्या मिनिटाला पुन्हा टक्केच विचारतात. म्हणून मी त्यांना एक जुनी नोंद सांगते. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्ध बॉस्टनच्या न्यायालयात २०१८ मध्ये खटला चालला, तेव्हा एरवी कधीच बाहेर न येणारे आकडे समोर आले. २०१५ मध्ये दाखल झालेल्या वर्गासाठी अमेरिकेतूनच सुमारे २६ हजार अर्ज आले होते. त्यांपैकी सुमारे २,७०० मुलांना सॅटच्या भाषेच्या भागात पैकीच्या पैकी गुण होते, सुमारे ३,४०० मुलांना गणितात पैकीच्या पैकी होते, आणि शाळेतली श्रेणी निर्दोष असलेली मुले ८ हजारांहून अधिक होती. जागा होत्या सोळाशे-सतराशे. गुणांचा ढीग तिथे इतका उंच असतो की गुणांनी फक्त त्या ढिगात जागा मिळते. ढिगातून कुणाला उचलायचे हे ठरवताना गुण जवळजवळ मुके होतात. आपल्याकडे नव्व्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे निकाल. तिथे ती केवळ सुरुवात असते, आणि हा बदल मनात मुरायला घराला पाच-सहा महिने लागतात.

मग जाहीर झालेला प्रवेश-दर तरी आपल्या मुलाला लावता येईल ना, असे पुढचे म्हणणे असते. एमआयटीने २०२४ साली सुमारे २८ हजार अर्जांतून तेराशेहून कमी मुले निवडली, म्हणजे साडेचार टक्के; तर माझ्या मुलाची शक्यता साडेचार टक्के, आणि तो हुशार आहे म्हणून दहा धरू. गणिताची शिक्षिका म्हणून मला इथेच थांबवावे लागते. सरासरी ही गर्दीची असते, आणि ती गर्दी एकजिनसी नसते. त्याच खटल्यात समोर आले की हार्वर्डमध्ये संघासाठी निवडून ठेवलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. आई किंवा वडील तिथले माजी विद्यार्थी असतील तर सुमारे ३३ टक्के मुलांना, आणि तसे नाते नसलेल्यांना सुमारे ६ टक्के. एमआयटी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देत नाही, पण तिथेही परदेशी अर्जदारांचा दर एकूण दराच्या निम्म्याहून कमी असतो. म्हणजे कोथरूडच्या मुलाच्या वाट्याला जी सरासरी आपण लावतो ती ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या नौकानयनपटूची, बॉस्टनच्या डॉक्टरच्या मुलीची आणि त्याची स्वतःची मिळून झालेली असते. त्यातून त्याचा भाग वेगळा काढायला कुणापाशीही पुरेशी आकडेवारी नाही.

एकदा एका वडिलांनी मला लॅपटॉपवर हिशेब दाखवला होता. ते अभियंता होते, हिशेब त्यांनी मन लावून केला होता. कॉमन ॲप्लिकेशन या सामाईक ऑनलाइन अर्जातून वीस विद्यापीठांना अर्ज करता येतो. प्रत्येक ठिकाणी पाच टक्के शक्यता धरली तर एकाही ठिकाणी न होण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६, तेव्हा कुठेतरी होण्याची शक्यता ६४ टक्के. गुणाकार बरोबर होता. पण असा गुणाकार करायचा तर वीस निकाल एकमेकांपासून स्वतंत्र असावे लागतात, आणि इथे वीसही ठिकाणी तोच निबंध, तीच शिफारसपत्रे, तोच मुलगा जाणार होता. एका वाचकाला जे पत्र कोरडे वाटले ते दुसऱ्यालाही कोरडे वाटण्याचा संभव अधिक. नाणे वीस वेळा उडवणे आणि एकच नाणे वीस जणांना दाखवणे यांत फरक आहे, असे मी त्यांना म्हणाले. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. त्यांनी तो आकडा आशा टिकवायला धरून ठेवला होता हे मला नंतर उमगले, आणि तो काढून घेताना मी थोडे हळू बोलायला हवे होते असे अजूनही वाटते.

पैशांचा प्रश्न तर बहुतेक घरांत शेवटी, उठता उठता निघतो, आणि खरे म्हणजे तो सगळ्यात आधी यायला हवा. या विद्यापीठांचा राहण्याजेवण्यासह खर्च वर्षाला ८० हजार डॉलरांच्या वर गेला आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकी ठिकाणे परदेशी मुलाने मदत मागितली आहे की नाही हे निवड करताना पाहत नाहीत आणि निवड झाल्यावर घराला न झेपणारा खर्च स्वतः उचलतात. बाकीच्या बहुसंख्य ठिकाणी मदतीची मागणी निवडीच्या वेळी विचारात घेतली जाते, आणि मदत मागणाऱ्या परदेशी मुलाचे दार तिथे पुष्कळच अरुंद होते. त्यामुळे एकाच वर्गातल्या, सारख्याच गुणांच्या दोन मुलींची शक्यता केवळ वडिलांच्या बँकखात्यामुळे दोन वेगळ्या जातीची असू शकते. टक्केवारी विकणारे काही सल्लागार हा भाग पालकांना स्पष्ट सांगत नाहीत. मला त्याचा संताप येतो, कारण कर्जाची कागदपत्रे घेऊन एप्रिलमध्ये धावणारी माणसे मी पाहिलेली आहेत.

गुणांच्या पलीकडे ते जे पाहतात, त्याला तिकडे समग्र मूल्यमापन असे भारदस्त नाव आहे. त्याचा इतिहास फारसा उजळ नाही. १९२० च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण पाचात एक इतके झाले, तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२ मध्ये त्यांच्यावर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आणला; उघड मर्यादेला विरोध झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व', छायाचित्र, शिफारसी यांचे वजन वाढत गेले, ज्याच्या आडून तेच साधता आले. २०१८ च्या खटल्यातही वादाचा गाभा आशियाई वंशाच्या मुलांना व्यक्तिमत्त्वाच्या गुणांकनात कमी मिळणाऱ्या श्रेणीचा होता. खालच्या न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला आणि २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून वंशाधारित प्रवेश थांबवले. हे सगळे माहीत असूनही मी त्या पद्धतीला पूर्णपणे धुडकावू शकत नाही. तीच पद्धत कधी कधी एखाद्या मुलाचे असे काही वाचते जे आपल्या कोणत्याही परीक्षेने आजवर विचारलेले नाही. फक्त ते काय वाचतील याचा अंदाज बाहेर बसून करता येत नाही, कारण त्या वर्षी त्यांच्या टेबलावर आणखी कुणाचे कागद आहेत हे आपल्याला दिसत नाही. त्यांना एक वर्ग घडवायचा असतो. त्यात बासरीवाला आधीच आला असेल तर दुसऱ्या बासरीवाल्याच्या बासरीत काही उणे असते असे नाही.

मी एक वही ठेवत आले आहे. लांबट, रेघांची, हिशेबाची असते तशी. प्रत्येक मुलासमोर तीन रकाने: विद्यापीठ, माझा अंदाज, निकाल. अंदाज टक्क्यांत न लिहिता मी 'कठीण', 'शक्य', 'बहुधा' असे तीन शब्द वापरते, आणि निकालाआधी शाईने लिहिते, म्हणजे मागाहून स्वतःशी खोटे बोलता येत नाही. पहिल्या सात-आठ वर्षांनी मी ती वही उघडून बसले. अमेरिकेतल्या मोठ्या राज्य विद्यापीठांबाबतचे माझे अंदाज बऱ्यापैकी खरे ठरले होते, कारण तिथे गुण आणि विषयांची निवड यांना ठसठशीत वजन असते. पण जिथे दहातही एकाला जागा नसते, तिथे माझे शब्द आणि निकाल यांचा मेळ बसत नव्हता. 'कठीण' लिहिलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना नकार आला होता, यात माझे कौशल्य काही नाही. डोळे झाकून सगळ्यांसमोर 'कठीण' लिहिणाराही तेवढाच बरोबर ठरला असता. खरी कसोटी 'बहुधा' या शब्दाची होती, आणि तिथे मी साफ हरले होते.

त्यातला एक 'बहुधा' मला विसरता येत नाही. मुलगा गणितात असामान्य होता, राष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडपर्यंत पोचलेला. मी त्याला प्रमेय सांगावे आणि त्याने दुसऱ्या दिवशी त्याची माझ्याहून देखणी सिद्धता आणावी, असे दोन वर्षे चालले होते. एमआयटीचे निकाल १४ मार्चला, पायच्या दिवशी, तिकडच्या संध्याकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी लागतात. म्हणजे आपल्याकडे १५ मार्चच्या पहाटेचे ३ वाजून ५८ मिनिटे. २π म्हणजे ६.२८, म्हणून ती वेळ. हे त्यानेच मला कौतुकाने सांगितले होते. त्या पहाटे त्याच्या आजीने देवापुढे निरांजन लावले होते आणि सगळे घर एका फोनभोवती बसले होते. नकार आला. मार्चच्या अखेरीस, पहाटे साडेचारला, आयव्ही लीगमधल्या, म्हणजे हार्वर्ड-येलच्या गटातल्या आठ जुन्या विद्यापीठांचे आले, तिथेही नकार. सकाळी नऊला तो माझ्याकडे आला आणि एवढेच म्हणाला, "मॅडम, तुम्ही बहुधा म्हणाला होतात." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. आपल्या सिद्धतेत पायरी कुठे चुकली ते शोधणाऱ्या मुलाचा तो स्वर होता, आणि पायरी त्याची चुकलेलीच नव्हती. माझा शब्द चुकला होता. पुढे तो चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि तिथे रमला. मात्र ते सहा महिने त्याने स्वतःला ज्या नजरेने पाहिले, तिच्यात माझा वाटा होता.

आपल्या राज्यातल्या मुलांची एक अडचण अशी आहे की ती परदेशी वाचकाला कागदावरून कळतच नाही. तिकडे नववी ते बारावी ही एकच शाळा असते. समुपदेशक आणि शिक्षक मुलाला चार वर्षे ओळखतात आणि त्या ओळखीवर पत्र लिहितात. आपल्याकडे दहावीला शाळा संपते. अकरावीचे प्रवेश होईस्तोवर पावसाळा निम्मा सरतो, आणि बारावीच्या दिवाळीत, १ नोव्हेंबरच्या आसपास, पहिले अर्ज जातात. म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकाला मूल कळायला जेमतेम सव्वा वर्ष मिळते, आणि क्लासशी जोडलेल्या महाविद्यालयांमध्ये तर मूल वर्गात येतच नाही. मग 'तूच लिहून आण, मी सही करतो' हे सर्रास चालते. मी त्यासाठी सहकाऱ्यांना दोष देत नाही. शंभर-सव्वाशे मुलांच्या तुकडीत ज्याचा चेहरा पाहिलेला नाही त्याच्या कुतूहलाविषयी ते काय लिहिणार? पण त्याचा परिणाम असा होतो की वाचकाच्या टेबलावर आपल्या मुलाचे जे पत्र पडते ते 'मेहनती, नम्र, वर्गात पहिला' या तीन शब्दांपलीकडे जात नाही, आणि तसली शेकडो पत्रे तिथे आधीच असतात. अंदाज बांधताना मी गुणांपेक्षा आता हे आधी विचारते: तुला खरोखर ओळखणारे, तुझ्याविषयी एक तरी प्रसंग सांगू शकणारे कुणी आहे का?

हे विचारायला मी फार उशिरा शिकले. माण तालुक्यातल्या एका मुलीमुळे शिकले.

ती वसतिगृहात राहून आमच्याकडे अकरावी-बारावी करत होती. वडिलांची चार एकर कोरडवाहू, थोडी शेळ्यामेंढ्यांची जोड. कुठल्याशा व्हिडिओत तिने ऐकले होते की काही अमेरिकन विद्यापीठे गरीब घरातल्या मुलांचा सगळा खर्च करतात, आणि जुलैमध्ये एका दुपारी ती माझ्याकडे आली. तिच्याजवळ प्लॅस्टिकची फाईल नव्हती. वहीत घडी करून ठेवलेल्या दोन गुणपत्रिका होत्या. दहावीला ९४ टक्के, अकरावीला ७८. इंग्रजी माध्यमात येऊन एकच वर्ष झालेले. सॅट तिने दिलेली नव्हती. सरावाच्या चाचणीत १६०० पैकी १३९० आले होते. इतर काही उपक्रम, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "विशेष काही नाही, मॅडम. घरी गेले की विहिरींचं पाणी मोजते." मी ते ऐकले आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले.

वीस मिनिटांत मी तिला माझा अंदाज सांगितला. मायेने सांगितला, हे मला आठवते, आणि ते आठवणे अधिक त्रास देते. सॅटचे शुल्क भरायचे, कारण त्याची माफी परदेशातल्या मुलांना मिळत नाही. त्यात बारावीचे वर्ष, आणि जिथे पूर्ण मदत मिळेल अशा ठिकाणी शंभरात दोन-तीनसुद्धा परदेशी मुले घेत नाहीत, त्यांत तुझे गुण बसणारे नाहीत. तेव्हा हा वेळ तू बोर्डाला दे. वहीत मी तिच्या नावापुढे 'कठीण' लिहिले. "बरं मॅडम," म्हणून ती गेली, आणि तिने कुठेही अर्ज केला नाही.

एप्रिलमध्ये, परीक्षा झाल्यावर, ती माझी पुस्तके परत करायला आली आणि जाता जाता तिने एक शंका विचारली. अमावास्येला आणि पौर्णिमेला घेतलेल्या नोंदींमधले अंतर कधी चौदा दिवसांचे असते, कधी पंधरा, कधी सोळा. मग आलेख काढताना बिंदू सारख्या अंतरावर मांडले तर ते चुकीचे नाही का? कसल्या नोंदी, असे मी विचारले. तेव्हा तिने पिशवीतून तीन वह्या काढल्या.

गावातल्या नऊ विहिरींची पाणीपातळी तिने आठवीच्या उन्हाळ्यापासून तीन वर्षे, दर अमावास्येला आणि पौर्णिमेला मोजली होती. ती पुण्याला आल्यावर धाकटा भाऊ मोजून फोनवर सांगत होता. तिथी निवडल्या त्या घरात सगळ्यांच्या लक्षात राहतात म्हणून. राज्याची भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, या मुलीने चोवीस वेळा मोजल्या होत्या. आधी ती सुतळीला दगड बांधून गाठी मोजायची, गावात विहीर अजून परसांत, म्हणजे पुरुषभर खोलीच्या मापात, सांगतात म्हणून परसांत लिहायची आणि शेजारी मीटर. दुसऱ्या वहीच्या मध्यावर एक पान होते, ते मी त्या दिवशी तीनदा वाचले. एका विहिरीची कोरडी खोली तिला दोन वेगळ्या दिवशी वेगळी मिळाली होती. तिने शोध घेतला आणि तिला आढळले की सुतळी भिजली की आखडते. मग तिने भिजलेली आणि सुकलेली सुतळी पोलादी टेपशी ताडून पाहिली, आधीच्या सगळ्या नोंदींसाठी दुरुस्तीचा एक रकाना आखला आणि लाल पेनने एकेक आकडा सुधारला. जुने आकडे तिने खोडले नव्हते. शेजारी लिहिले होते: "आधीचे असू दे, चूक कुठून आली ते कळेल."

मोजण्याच्या साधनावरच शंका घेणे हे मी पदवीच्या मुलांनाही क्वचित शिकवू शकले आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने ते विहिरीच्या काठावर एकटीने केले होते, आणि जुलैमध्ये तिने ते मला सांगितलेही होते, एका वाक्यात. कॉमन ॲप्लिकेशनमध्ये एका उपक्रमाचे वर्णन दीडशे अक्षरचिन्हांत करावे लागते, त्याबद्दल मी नेहमी कुरकुर करत आले. माझ्यापाशी वीस मिनिटे होती आणि मी तेवढेही ऐकले नव्हते.

तिने अर्ज केला असता तर प्रवेश मिळाला असता, असे मी म्हणत नाही. बहुधा नसता मिळाला. ज्या ढिगाविषयी मी वर लिहिले त्यात सुतळीचे पानही हरवू शकते. गुणांवरून काढलेला माझा अंदाज गर्दीसाठी चुकीचा नव्हता. पण इतर मुलांच्या अंदाजांना निकालाने तपासले, आणि हा अंदाज तपासला जाण्याची सोयच मी ठेवली नाही, कारण माझ्या शब्दानेच अर्ज थांबला. वहीत तिच्या नावापुढचा तिसरा रकाना कोरा आहे. त्या वहीतल्या सगळ्या चुकलेल्या 'बहुधा'पेक्षा तो कोरा रकाना मला अधिक टोचतो.

त्या सुमारास मी आनंदीबाई जोशींचे जून १८८३ चे पत्र पुन्हा वाचले. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी लिहिलेले ते पत्र आहे. त्यांचे वय तेव्हा अठरा. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करत नसू, हे त्या त्यात स्वतःच मान्य करतात, आणि मग आपण काय शिकलो आहोत, कुणाचा विरोध सोसून इथवर आलो आहोत आणि आपल्या देशातल्या बायका पुरुष वैद्याला हात लावू देण्यापेक्षा मरण पत्करतात हे सांगतात. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. आजच्या भाषेत ज्याला प्रोफाइल म्हणतात ते त्या पत्रात फारच तोकडे आहे. तरी ते वाचताना माणूस समोर उभा राहतो, कारण कुणीतरी त्यांना आपले म्हणणे पूर्ण लिहू दिले आणि कुणीतरी ते पूर्ण वाचले.

आता मी दोन भेटी घेते. पहिल्या भेटीला फाईल आणायची नाही, आणि शक्यतो पालकांनी यायचे नाही. कुणी न सांगता केलेले काहीही घेऊन ये, असे मी मुलाला सांगते. बरेच जण गोंधळतात. कुणी मोडून पुन्हा जोडलेला रेडिओ आणतो, कुणी आजीच्या ओव्यांची वही, कुणी काहीच आणत नाही आणि मग बोलता बोलता कळते की तो रोज संध्याकाळी वडिलांच्या किराणा दुकानाचा हिशेब लिहितो आणि उधारी कुणाची बुडेल हे आधी ओळखतो. या सगळ्यातून प्रवेश मिळेलच असे नाही, आणि हे काही नव्या तऱ्हेचे प्रोफाइल बनवणे होऊ नये म्हणून मी त्यातले फार थोडे अर्जात घालायला सांगते. पण त्या भेटीशिवाय तोंड उघडायचे नाही, असा मी स्वतःला नेम घालून घेतला आहे.

दुसऱ्या भेटीला फाईल आणि पालक. तिथे मी आधी पैशांचे बोलते, मग ज्या ठिकाणी शिक्षण चांगले आहे आणि प्रवेश होण्यासारखा आहे अशी चार-पाच नावे पक्की करते, भारतातली धरून. ती यादी मनापासून आवडल्याशिवाय पुढची नावे काढायची नाहीत. हार्वर्ड-एमआयटीसारख्या ठिकाणांविषयी मी टक्के सांगत नाही. मी म्हणते, "असे कागद असलेल्या बहुतेक मुलांना तिथून नकार येतो. तुमच्या मुलीला येईल की नाही हे मला माहीत नाही, आणि जो आपल्याला माहीत आहे असे म्हणतो त्याला पैसे देऊ नका." काही पालकांना हे उत्तर टाळाटाळ वाटते. एक गृहस्थ तर उठून गेले, आणि त्यांनी नंतर आकडा सांगणारा माणूस शोधला. त्यांची बेचैनी मला समजते. आकडा हातात असला की रात्री झोप लागते.

वही अजून चालू आहे. तिला आता चौथा रकाना आहे, 'काय पाहिले नाही' असा, आणि तो मी अंदाजाच्या आधी भरते.

गेल्या दिवाळीत माणच्या त्या मुलीचा फोन आला. भूशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे, दोन वर्षे भूजलावरच काम करते आहे, आणि आता परदेशात पीएच.डी.साठी अर्ज करायचे म्हणते. मी विचारले, कुठे कुठे? तिने सात नावे सांगितली, त्यांतली दोन अशी होती की माझ्या जिभेवर जुना शब्द आला. तो मी उच्चारला नाही, पण माझे थांबणे तिला ऐकू गेले असावे.

"मॅडम, या वेळी अंदाज नको," ती म्हणाली. "पत्र द्याल का?"

मी तिला तीनही वह्या पाठवायला सांगितल्या. चार दिवसांनी कुरिअर आले. सुतळीचे ते पान मी उघडून टेबलावर ठेवले, वर काचेचा पेपरवेट ठेवला, आणि पत्राचे पहिले वाक्य तिथून लिहायला घेतले.